तीन ठिपके एकाच जागी

राजनंदिनी तोडकरला मतदार ओळखपत्र मिळालं तेव्हा तिने ते आधी हुंगलं, मग घरभर दाखवलं, आणि आईने ते देवापुढे ठेवायला मागितल्यावर "आई, परत दे हं, दक्षिणा समजून ठेवून घेऊ नकोस!" असं बजावूनच दिलं. सोळा पूर्ण झालेल्यांना नगरपंचायतीला मत देता येईल असा कायदा गेल्याच वर्षी झाला होता. अकरावी सायन्सच्या वर्गात निम्म्या मुलांकडे असं कार्ड होतं आणि उरलेली निम्मी त्या दिवसापासून अगदीच चिल्लीपिल्ली दिसायला लागली होती.

त्यात आनंदाला उधाण यायचं दुसरं कारण घरातच होतं. प्रभाग चार महिलांसाठी राखीव झाला होता आणि राजनंदिनीची वहिनी, ऋतुजा तोडकर, उमेदवार होती! वहिनीच्या फोटोचे फलक वेलवंडीच्या चौकाचौकांत लागले होते. फलकावर वहिनी हात जोडून उभी होती आणि तिच्या डोक्यावर, दुप्पट मोठ्या आकारात, संग्रामदादा गॉगल लावून हसत होता. दादा दोनदा नगरसेवक झालेला. यंदा आरक्षण आलं म्हणून वहिनी.

वेलवंडी हे बेदाण्याचं गाव. द्राक्षं उतरली की शेडांमधून पाट्यांच्या चळती लागतात आणि बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिली जाते. धुरीच्या दिवसांत गावाला असा वास येतो, की परगावचा माणूस रुमाल नाकाला लावतो आणि गावचा माणूस "कसला वास?" म्हणून विचारतो.

अशा गावात यंदा निवडणुकीसाठी मोबाइलवर 'जुळणी' आली होती.

जुळणी कुणाला मत द्या ते सांगायची नाही, ती फक्त विचारायची. छत्तीस प्रश्न, सगळे गावातले. बाजारकट्टा कुठे हवा, पाणी कुणाला आधी, शेडं कुठे असावीत. शून्य ते दहा अशा पट्टीवर उत्तर द्यायचं. मग ती तुमचीच उत्तरं एकमेकांशी झुंजवायची. रस्ता हवा म्हणालात? मग त्यासाठी दवाखान्याची रात्रपाळी बंद झाली तर चालेल? तुम्ही कशासाठी काय सोडायला तयार होता, त्यावरून तुम्हाला कशाची किती किंमत आहे ते ती ओळखायची. उमेदवारांनीही हेच प्रश्न सोडवायचे. मग तुमचं कोणाशी किती जुळतं ते शंभरातल्या आकड्यात समोर यायचं. प्रश्न छत्तीस असल्यामुळे गावातली म्हातारी मंडळी मात्र "काय रे, किती गुण जुळले?" असंच विचारत होती.

पण जुळणीचा खरा दात पुढेच होता. मतदानाआधीच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता उमेदवारांची उत्तरं गोठणार होती, म्हणजे त्यानंतर ती बदलता येणार नव्हती. मग जो निवडून येईल त्याने पाच वर्षांत सभागृहात आपल्याच उत्तराविरुद्ध हात वर केला, की बसस्टँडवरच्या मोठ्या पडद्यावर त्याच्या नावासमोर तो प्रश्न लाल व्हायचा. आणि लालच राहायचा.

राजनंदिनीने शनिवारी सकाळी, दात घासायच्याही आधी, छत्तीसच्या छत्तीस प्रश्न सोडवले. आकडे आले: ऋतुजा तोडकर एकसष्ट. रुबीना मुजावर साठ. कल्पना भंडारे एकसष्ट.

"हॅट्!" ती पडद्याला म्हणाली.

तिन्ही उमेदवारांच्या गटांची एकमेकांशी इतकी दुश्मनी, की एकाचा प्रचाराचा टेम्पो दुसऱ्याच्या गल्लीत शिरला तर गाण्याचा आवाज वाढवला जायचा. आणि आकडे असे?

शाळेत तर सगळ्यांचीच हीच रड. कुणाला एकोणसाठ-साठ-साठ, कुणाला बासष्ट-एकसष्ट-बासष्ट. "भंगार मशीन आहे," असा निकाल वर्गाने देऊन टाकला.

राजनंदिनी मात्र फळ्याकडे बघत होती. गणिताच्या बाईंनी तिथे दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र लिहून ठेवलं होतं. आडव्या फरकाचा वर्ग, उभ्या फरकाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. खोलीतल्या दोन डासांमधलं अंतर काढायचं असेल तर तिसरा वर्ग मिळवायचा, उंचीचा.

"समीरा," तिने शेजारच्या मुलीला कोपर मारलं, "चौथा मिळवला तर?"

समीरा मुजावर तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. उमेदवार रुबीना मुजावर ही समीराची अम्मी. दोघींनी ठरवलं होतं की निवडणूक संपेपर्यंत भांडायचं नाही, आणि डबा वाटून खायचं थांबवायचं नाही.

"चौथी दिशा असतेच कुठं?"

"दिसत नाही गं. पण सूत्राला काय त्याचं? चार वर्ग, दहा वर्ग, छत्तीस वर्ग! जुळणी हेच करते! प्रत्येक प्रश्न म्हणजे एक दिशा. छत्तीस उत्तरं दिली की तू छत्तीस दिशांच्या खोलीतला एक ठिपका. उमेदवार दुसरा ठिपका. अंतर कमी म्हणजे जुळणी जास्त. बास! पायथागोरस आहे तो नुसता, मोठा झालेला!"

"बरं मग?"

"मग आपण अंतर कुणाचं काढतोय? आपलं आणि उमेदवारांचं. उमेदवारांचं एकमेकींशी कुणी काढलंय का?"

उमेदवारांची उत्तरं सगळ्यांना खुली होती, पण ती वाचत बसायला वेळ कुणाला होता? मधल्या सुट्टीत दोघींनी तिघींची उत्तरं टॅबवर उतरवली, वर्गातल्या मुलांचीही मागून घेतली, सूत्र घातलं आणि बटण दाबलं. पडद्यावर वर्गातल्या मुलांचे ठिपके उधळलेल्या लाह्यांसारखे चहूकडे पसरले. आणि ऐन मधोमध एकच जाड ठिपका.

"बाकीच्या दोघी कुठायत?" समीराने विचारलं.

राजनंदिनीने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. मग जाड ठिपक्याचे तीन ठिपके झाले, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. वहिनीचं पाच तर रुबीनाचाचींचं सहा, कल्पनाताईंचं पाच. पुन्हा पाच, पाच, चार. शेवटपर्यंत असंच.

"म्हणून सगळ्यांना साठ!" राजनंदिनी बाकावर उभीच राहिली. "समीरा, खोलीच्या मधोमध उभं राहिलं की कुठल्याही कोपऱ्यातनं अंतर सारखंच! ना कुणाच्या जवळ, ना कुणापासून लांब! मशीन बरोबर आहे गं, उमेदवार भंगार आहेत!"

"ए! माझी अम्मी आहे ती."

"आणि माझी वहिनी! पण तुझी अम्मी कधी कशाला पाच म्हणाली आहे का?"

समीरा विचारात पडली. तिची अम्मी भाजीत मीठ कमी पडलं तरी शून्यच द्यायची.

दुपारी घरी दादा जेवत होता. राजनंदिनीने टॅब त्याच्या ताटाशेजारी ठेवला. दादाने बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"अगं, आम्ही तिघांनी मिळूनच भरलंय ते! विलासच्या सलूनमध्ये. सलीमभाई, दत्ता भंडारे आणि मी. कुठलं उत्तर दिल्यावर कोण नाराज होईल, ते तिघांना मिळून जास्त कळतं ना! मग काय, सगळं मधलं टाकलं. उगाच शंका नको म्हणून एकेक आकडा इकडंतिकडं केला."

"पण तुम्ही तर विरोधक आहात!"

"ते स्टेजवर. दाढी सगळ्यांची एकाच दिवशी वाढते, नंदे."

"आणि वहिनीला विचारलं?"

"तिला कशाला त्रास? ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो." दादाने ताटात पाणी सोडलं आणि तो बाहेर पडला. राजनंदिनीचा या दादावर फार जीव होता. सायकल त्यानेच शिकवली होती, कार्डाच्या अर्जासाठी हातातलं काम टाकून तोच आला होता. त्यामुळे तिला जे वाटलं त्याला राग म्हणावं की काय, तेच तिला कळेना.

आतल्या खोलीत वहिनी प्रचाराच्या उपरण्यांना इस्त्री करत होती. भगवी-हिरवी उपरणी, ढीगच्या ढीग.

"वहिनी, तू ते प्रश्न एकदा तरी बघितलेस?"

"कशाला? यांनी भरलंय की."

"उमेदवार तू आहेस!"

"आहेच की. फोटो माझा, सही माझी, ह्या ढिगाला इस्त्रीसुद्धा माझीच. आणखी काय पाहिजे?"

"मला तुला मत द्यायचंय गं! माझं पहिलं मत. आणि ते जाणार सलूनमधल्या तिघांना! आणि लाल कुणाचं नाव होणार पाच वर्षं? दादाचं? त्याचं नाव पडद्यावर असणारच नाही, वहिनी. तुझं असणार."

इस्त्री क्षणभर थांबली. मग पुन्हा फिरली. "बरं, वाच एखादा. काम करता करता ऐकते."

राजनंदिनीने सरावाचं पान उघडलं. जुळणी बाईच्या आवाजात बोलू लागली. "गावाला स्वागतकमान हवी, की बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह?"

"कमानीचं काय करू?" वहिनी म्हणाली. "तिच्याआड बसू?"

राजनंदिनी पोट धरून हसली. वहिनीही हसली आणि मग सुटलीच! पाण्याच्या पाळ्या, वाचनालयाच्या वेळा, कोल्ड स्टोरेजमधल्या बायकांची पाळी सुटल्यावर येण्याजाण्याची सोय. वहिनी तिथेच हिशेबाचं काम करायची. एकाही उत्तराला पाच नाही. कुठे दहा, कुठे शून्य, आणि एकदा तर मशीनलाच, "प्रश्न चुकीचा आहे तुझा, बाई!"

मग आवाजाने विचारलं, "धुरीची शेडं गावाबाहेर हलवावीत का?"

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली.

"हलवावीत."

"त्यासाठी गावाचं उत्पन्न काही काळ घटलं तरी?"

"तरी."

"तुमच्या स्वतःच्या घराचं नुकसान झालं तरी?"

खोलीत इस्त्रीचा तेवढा टिक् असा आवाज झाला. तोडकरांचं शेड बालवाडीच्या भिंतीला लागून होतं. दादाचं शेड. राजनंदिनीच्या क्लासची फी त्यातूनच यायची. हातातलं घड्याळही.

"ओवी डोळे चोळत घरी येते," वहिनी हळू म्हणाली. ओवी म्हणजे तिची आणि दादाची मुलगी, चार वर्षांची. "मी तिला सांगते, धूळ गेली असेल. रोज सांगते." मग तिने मान वर केली. "हो. तरी. दहा लिही."

राजनंदिनीचं बोट अडखळलं. याच प्रश्नाला तिने स्वतः काय दिलं होतं? दोन. फार विचार न करताच. शेडं आहेत तिथेच बरी, आमचंच तर आहे.

पण तिने दहा लिहिलं.

रविवारी सकाळी राजनंदिनी आणि समीरा मिळून कल्पनाताई भंडाऱ्यांकडे गेल्या आणि त्यांना ठिपक्यांचं चित्र दाखवलं. कल्पनाताईंनी सगळं ऐकून घेतलं, दोघींना चिवडा दिला आणि दार लावलं. तिकडे समीराच्या अम्मीने टॅब हातात घेतला होता आणि स्वयंपाकघराची आतून कडी घातली होती.

आणि पाच वाजून गेल्यावर ऋतुजा तोडकर विलासच्या सलूनच्या पायरीवर उभी होती. मागे राजनंदिनी, टॅब छातीशी धरून.

त्या सलूनमध्ये आजवर एकही बाई गेली नव्हती. आत तीन खुर्च्या, तीन उमेदवारांचे नवरे. संग्रामदादा मधल्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, एक गाल तुळतुळीत आणि एक गाल फेसाने भरलेला. त्याला आरशातच बायको दिसली.

"तू? इथं? कोण आजारी आहे का?"

"नाही. ओटीपी पाहिजे होता."

वहिनीने बटण दाबलं. आरशाखाली ठेवलेला दादाचा मोबाइल कुरकुरला. दादाने त्याच्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. "कशाचा?"

"जुळणीचा. मी माझी उत्तरं भरली आहेत."

"वहिनीसाहेब," सलीमभाई समजावणीच्या सुरात म्हणाले, "आम्ही सगळं अगदी सांभाळून..." आणि त्यांचा मोबाइल कुरकुरला. त्यांनी तो उचलला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "रुबीना?"

दत्ता भंडारे खदाखदा हसले. "काय राव सलीमभाई, घरातनं पण..." तेवढ्यात त्यांच्या खिशातही कुरकुर झाली. हसू तिथल्या तिथे सुकलं.

"मी आता कुणाची दाढी आधी करू?" विलासने विचारलं.

"घरी बोलू," दादा म्हणाला.

"सहाला गोठतंय."

"काय बदललंस?"

"बरंच."

"शेडाचं काय लिहिलंस?" फेसातूनही दादाचा आवाज धारदार झाला होता.

राजनंदिनीला वाटलं, वहिनी आता काहीतरी गोड बोलेल. मधलं काहीतरी.

"गावाबाहेर," वहिनी म्हणाली.

"आपलं शेड?"

"आपलंच. ते बालवाडीला लागून आहे म्हणून तर. आणि तुमच्याशी भांडायला नाही आले मी. पाच वर्षं त्या पडद्यावर माझं नाव राहणार. दिलेल्या शब्दाला जागले नाही म्हणून लाल व्हायचं असेल तर मी होईन. पण शब्द तरी माझा असू दे."

दादा उठला असता, तरातरा निघून गेला असता, तशी त्याची सवयच होती. पण अर्ध्या गालाला फेस असलेला माणूस जातो कुठे? तो आरशात बघत राहिला. आरशात तो होता आणि त्याच्या खांद्यामागे वहिनी, यंदा पहिल्यांदाच त्याच्याएवढ्या आकारात.

त्याने मोबाइल उचलला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. वहिनीने एकेक आकडा टाकला. पलीकडे सलीमभाई फोनवर "हो गं, सांगतोय, सांगतोय की" म्हणत होते.

"पण एक ऐक," दादा शेवटचा आकडा सांगून म्हणाला. "माझं मत गृहीत धरू नकोस."

"नाही धरत," वहिनी म्हणाली आणि पायरी उतरली.

बसस्टँडवर तोवर ही गर्दी! ठिपक्यांचं चित्र अकरावीच्या वर्गातून आदल्या दिवशीच गावभर गेलं होतं. उत्तरं बदलतील तसं हलणारं तेच चित्र आता कुणीतरी तिथल्या मोठ्या पडद्यावर लावलं होतं. त्यातला तो मधला जाड ठिपका थरथरला. मग त्यातून एक ठिपका सुटला आणि सुसाट वर गेला. "ऋतुजावहिनी!" कुणीतरी ओरडलं. दुसरा उजवीकडे, पार कडेला. "अम्मी!" समीराने उडीच मारली. आणि सहाला अगदी थोडं उरलं असताना, सगळे श्वास रोखून बघत असताना, तिसरा ठिपका शांतपणे, कुणाची घाई नसल्यासारखा, डावीकडे खाली जाऊन बसला. कल्पनाताई! शिट्ट्या, टाळ्या, कंडक्टरने घंटी वाजवली. आणि मग जिकडेतिकडे मोबाइल निघाले, आकडे नव्याने आले, आणि वेलवंडीत कित्येक वर्षांनी खरीखुरी भांडणं सुरू झाली. पाण्यावरून, कट्ट्यावरून, शेडांवरून! एक आजोबा आनंदाने सांगत होते, "अर्ध्यांहून जास्त गुण विरोधकाशी जुळले की रे माझे!"

राजनंदिनीने घाईघाईने आपला आकडा बघितला.

कल्पना भंडारे एकोणऐंशी. ऋतुजा तोडकर चौसष्ट.

एवढं सगळं करून चौसष्ट! तिने पट्टी शोधली. शेडाच्या प्रश्नावरचं दोन. ते दहावर सरकवलं की आकडा टुणकन वर जाईल हे तिला सूत्र न मांडताही कळत होतं. मतदारांची उत्तरं तर कधीही बदलता येत. बोट टेकवलंसुद्धा. मग तिने ते उचललं. पटलं म्हणून बदललं तर ठीक. वहिनी आवडते म्हणून बदललं, तर ती आणि सलूनमधले तिघं यांत फरक काय?

"वहिनी," तिने परतताना चाचरत सांगूनच टाकलं, "आपलं चौसष्टच जुळतंय."

"बापरे," वहिनी म्हणाली, "मला वाटलं पन्नासच्या खाली असेल." आणि दोघी रस्त्यातच हसायला लागल्या.

त्या संध्याकाळी दादा घरी जेवला आणि लगेच आपल्या खोलीत निघून गेला.

सकाळी तो हॉलमध्ये चहा घेत बसला होता. राजनंदिनी समोर वह्या भरत होती. दाराची घंटी वाजली. दादानेच उठून दार उघडलं.

बाहेर वहिनी उभी होती. इस्त्रीची साडी, पायात चपला, हातात उत्तरांचा कागद. चेहरा असा, की पहिल्यांदाच या घरी आली असावी.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी ऋतुजा तोडकर. प्रभाग चारची उमेदवार. माझ्या प्रचाराची सुरुवात तुमच्या घरापासून करते आहे. पाच मिनिटं बोलता येईल?"

राजनंदिनीचं पेन हवेतच राहिलं. दादा दाराची कडी धरून उभा होता. आता तो दार लोटेल, की हसण्यावारी नेईल? गल्लीतली दोन माणसं थबकून बघत होती.

"कोण आलंय रे?" आतून आईने विचारलं.

दादाने घसा साफ केला.

"उमेदवार आल्यात," तो म्हणाला आणि बाजूला झाला. "या. बसा."

जी खुर्ची वहिनी रोज पुसायची, तिच्याच कडेवर ती टेकली. राजनंदिनी धावत जाऊन तांब्याभांडं घेऊन आली, पाणी पुढे केलं आणि समोरच ठाण मांडून बसली. आनंदाने तिला काय करू नि काय नको झालं होतं. तिच्याकडे कार्ड होतं, मत होतं आणि रात्रभर घोळलेला एक खणखणीत प्रश्न होता.

"वहिनी... म्हणजे, ताई," ती म्हणाली, "शेडं हलवायची म्हणता. जागा कुठली? आणि हलवेपर्यंत ज्यांचं पोट त्याच्यावर आहे त्यांनी काय करायचं?"

दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि आपली खुर्ची बहिणीच्या शेजारी ओढली.

"हां," तो म्हणाला, "मीपण हेच विचारणार होतो. बोला."